थोरल्याचं खोगीर

आमच्या पागेतले धाकटे साठीला टेकले होते, दाढी पांढरी झाली होती, गुडघे कुरकुरत होते, तरी सगळे त्यांना धाकटेच म्हणायचे. त्यांचे भाऊ थोरले, म्हणून हे धाकटे. थोरले गेल्यावर ते कुणाच्याच मानाने धाकटे उरले नाहीत, पण एकदा चिकटलेलं नाव गोचिडासारखं असतं. मी त्यांच्याहून लहान, तरी मीही 'अहो धाकटे' अशीच हाक मारते, आणि त्यांना त्यात काही वावगं वाटत नाही.

मी कोण, तर स्वयंपाकीण. पागेच्या धंद्यात इतकी वर्षं काढली, पण मला घोड्यांची भीती वाटते, हे आधीच सांगून टाकते. साहेबाच्या पुढून आणि घोड्याच्या मागून जाऊ नये म्हणतात. मी घोड्याच्या पुढूनही जात नाही आणि बाजूनेही जात नाही. चहाचे पेले मी अंगणाच्या कडेला ठेवते आणि ज्याला हवा त्याने येऊन घ्यावा. सगळ्यांना ते माहीत आहे आणि सगळे त्यावरून मला चिडवतात.

धंदा असा. आमच्या मालकीण, त्यांना आम्ही नुसतं बाई म्हणतो, सुट्टीला आलेल्या पाहुण्यांना आठवडाभर घोड्यावरून खेड्यापाड्यांत फिरवतात. सकाळी एका जुन्या राजवाड्यातून निघायचं, शेतांच्या कडेने, नदीच्या कोरड्या वाळूतून, गावांच्या मागच्या वाटांनी दिवसभर चालायचं आणि संध्याकाळी दुसऱ्या राजवाड्यात मुक्काम करायचा. मी आणि ड्रायव्हर सामानाचा ट्रक घेऊन रस्त्याने पुढे जातो, दुपारी कुठल्यातरी झाडाखाली जेवण मांडतो, आणि घोडे पोचायच्या आत राजवाड्याचं स्वयंपाकघर ताब्यात घेतो. तिथे त्यांचे स्वयंपाकीही असतात, पण ते पाहुण्यांना मुख्यतः जुन्या मेजवान्यांच्या गोष्टी वाढतात. दिवसभर घोड्यावर बसलेल्या माणसाचं पोट गोष्टींनी भरत नाही.

राजवाडे म्हणजे बडा घर पोकळ वासा. बाहेरून कमानी आणि बुरूज, आत एका खोलीतला नळ सोडला की शेजारच्या खोलीतला बंद पडतो. भिंतीवर मेलेल्या राजांची चित्रं आणि त्यांच्याखाली मेलेल्या जनावरांची मुंडकी, दोघांचीही नजर सारखीच. पाहुण्यांना तिथे भूत हवंच असतं. एवढे पैसे टाकून राजवाड्यात झोपायचं आणि भूत नाही म्हणजे काय! मग तिथला नोकर जेवणानंतर एखादी विहिरीत उडी घेतलेली राणी काढतो, एखादा विष घातलेला भाचा काढतो, आणि पाहुणे खूश होऊन खोलीत जातात. मी त्या सगळ्या राजवाड्यांत राहिले आहे आणि मला कुठलीही राणी भेटलेली नाही. मला जे भेटलं ते उतरत्या उन्हात, अंगणात, सगळ्यांच्या देखत.

थोरले रांगेत सगळ्यात मागे असायचे. पुढे बाई, मध्ये पाहुणे, बाजूने धाकटे आणि घोड्यांची देखभाल करणारे दुसरे मोतद्दार, आणि शेवटी तांबड्या घोडीवर थोरले. मागच्याचं काम कुणाला दिसत नाही. कुणाची टोपी पडली, कुणाच्या घोड्याने गवतात तोंड घातलं, कुणाला उतार बघून रडू फुटलं, ते सगळं मागच्याने निस्तरायचं. रंगाने तांबडी म्हणून घोडीचं नावही तांबडीच, याहून जास्त डोकं चालवायला आमच्याकडे कुणाला वेळ नव्हता. थोरल्यांचा डावा खुबा तरुणपणी मोडला होता आणि वाकडा सांधला गेला होता. त्यामुळे ते खोगिरात कायम डावीकडे कलून बसायचे, पोत्यातलं धान्य एका अंगाला सरकावं तसे.

बसलेले असताना ते चालून जायचं. पण उतरताना सगळा भार डाव्या रिकिबीत, म्हणजे पाय ठेवायच्या कडीत, आला की खोगीर फिरायचं. म्हणून राजवाड्याच्या अंगणात जो चढायचा-उतरायचा दगड असतो, त्याला तांबडी भिडवायची, आणि धाकट्यांनी पलीकडे जाऊन उजवी रिकीब दोन्ही हातांनी खाली ओढून धरायची. पकड बसली की ते म्हणायचे, "उतर." मग थोरले खुब्याला आणि घोडीला आणि बहुतेक आम्हा सगळ्यांनाच शिव्या घालत सावकाश उतरायचे. दिवसभर दोघं भाऊ एकमेकांशी शब्द बोलत नसत, पण संध्याकाळी तेवढा एक शब्द ठरलेला होता. आईबाप लवकर गेले तेव्हापासून दोघांनी एकमेकांना असंच धरून आणलं होतं.

मग तो दिवस आला. फेरीतला शेवटचा राजवाडा, मोठं फरशीचं अंगण. कठड्यावर वाळत घातलेली चादर वाऱ्याने फडकली, एका पाहुण्याचा घोडा बुजला आणि पाहुण्याला पाडून दरवाजातून बाहेर उधळला. धाकटे त्याच्यामागे धावले. धावणारच, कामच ते. इकडे तांबडी दगडाला येऊन उभी राहिलेली. थोरल्यांनी जरा वेळ वाट पाहिली असेल, नसेल. ते एकटेच उतरायला गेले, खोगीर फिरलं आणि ते त्याच दगडावर आपटले. पुन्हा तोच खुबा. दवाखान्यात त्यांना ताप चढला, तो उतरलाच नाही. धाकटे घोडा धरून परत आले तेव्हा तांबडी तशीच उभी होती, खोगीर पोटाखाली लोंबत होतं, आणि दगडाजवळ नुसती माणसांची गर्दी होती.

धाकटे रडले असतील तर ते मी पाहिलं नाही. त्यांनी भावाची जागा घेतली आणि रांगेच्या मागे राहायला लागले, पण तांबडीवर बसले नाहीत. आपल्या घोड्यावरून ते तिला दोरीने बरोबर आणायचे, खोगीर घातलेली आणि रिकामी. त्याला कारण होतं. एखाद्या पाहुण्याचा घोडा लंगडला तर जोडीला तयार घोडा लागतो, आणि बाईंना ती सोय पटली. खोगीर थोरल्यांचंच घालायचे. त्यालाही कारण होतं, ते तिच्या मापाचं होतं. प्रत्येक गोष्टीला कारण होतं, म्हणून बरेच दिवस कुणाला काही खटकलं नाही.

मला खटकलं ते संध्याकाळचं. घोडे अंगणात आले की धाकटे आधी तांबडीला दगडाला भिडवायचे. मग वळसा घालून उजव्या बाजूला जायचे, रिकीब दोन्ही हातांनी धरायचे आणि अंग टाकून खाली ओढायचे. आणि तसेच थांबायचे. वाकड्या खुब्याच्या माणसाला उतरायला जितका वेळ लागेल तितका वेळ. त्यानंतर पोटाखालचा पट्टा, म्हणजे तंग, सोडायचे, खोगीर उतरवायचे, घोडीला चोळायला न्यायचे. पाहुण्यांना वाटायचं ही खोगीर तपासायची पद्धत असेल. ड्रायव्हरने ते पहिल्यांदा पाहिलं तेव्हा त्याच्या हातातलं बिस्कीट चहात पडलं आणि विरघळलं, तरी तो बघतच राहिला.

"मावशी," तो मला म्हणाला, "ते कुणाला उतरवतायत?"

"तुला काय करायचंय? भांडी काढ," मी म्हटलं. पण मीही बघतच होते.

एकदा धाकट्यांनी मला लांबून हाक मारली. तांबडीचं खोगीर नुकतंच काढलेलं होतं. "मावशी, भिऊ नका, मी धरलंय तिला. तिथूनच बघा." खोगिराखाली घोड्याची पाठ घामाने भिजते. बाकीच्या घोड्यांच्या पाठी दोन्ही बाजूंना सारख्या भिजल्या होत्या. तांबडीच्या पाठीवर डाव्या अंगाला तळहाताएवढा डाग कोरडा होता. "भार पडतो तिथे घाम येत नाही," धाकटे हळूच म्हणाले. "दादा बसला की अशीच उमटायची. तिथेच. तेवढीच."

"आणि आज कुणी बसलं होतं?"

"नाही," ते म्हणाले आणि इतकं समाधानाने हसले की मला पदर गच्च ओढून घ्यावासा वाटला. मी स्वयंपाकघरात गेले आणि दिवा लावायची वेळ झाली नसताना दिवा लावला.

भुताची भीती मला घोड्याइतकी नाही. पण जिवंत माणूस असा हसला की वाटते. धाकटे जेवायचे कमी, बोलायचे त्याहून कमी, आणि सकाळी तंग आवळताना तांबडीच्या कानाशी काहीतरी पुटपुटायचे. मोतद्दारांनी तिच्याजवळून जाताना आवाज खाली आणायला सुरुवात केली, कुणीतरी वडीलधारं बसलेलं असावं तशी. आम्ही सगळी शहाणीसुरती माणसं, पण रांगेच्या शेवटी ती रिकामी घोडी वाळूतून येताना दिसली की आम्ही तिच्या पाठीकडे बघत नव्हतो.

मग एका फेरीत एक उंच, शांत पाहुणी आली. सहाव्या दिवशी तिच्या घोड्याचा नाल निघाला आणि जेवणानंतर तिला तांबडी दिली. आम्ही ट्रकमध्ये भांडी भरतच होतो, तेवढ्यात ती शेताच्या कडेने घोडीला हाताने धरून चालत परत येताना दिसली. मागे धाकटे. बाईंनी घोडा वळवला आणि विचारलं, घोडी त्रास देतेय का?

"घोडी छान आहे हो," पाहुणी म्हणाली. "पण मला जागाच होत नाही. सारखी उजवीकडे फेकली जाते. त्या खोगिरात आधीच कुणीतरी बसलंय."

ती आपलं साधं बोलली. ड्रायव्हरच्या हातून ताटांची चळत खाली आली. मी धाकट्यांकडे पाहिलं. देवाशप्पथ सांगते, त्या माणसाचा चेहरा लग्नातल्या नवरदेवासारखा फुलला होता. इतके दिवस जे एकट्याला माहीत होतं, त्याला साक्षीदार मिळाला होता.

ते फुलणं संध्याकाळपर्यंतच टिकलं. खोगीर काढलं तर कोरड्या डागाच्या जागी कातडी सोलवटून लाल मांस दिसत होतं. बाई आल्या, वाकून बघितलं, बोटाने भोवतालचे पांढरे पडलेले केस चाचपले. बाई कडक आहेत, पण दुष्ट नाहीत. घोड्याची पाठ ही त्यांच्यासाठी सगळ्यात मोठी गोष्ट.

"एक माणूस, तेही थोडाच वेळ, आणि एवढी जखम?" त्या म्हणाल्या. "म्हातारी झाली ती, धाकटे. तिची पाठ आता खोगीर सोसत नाही. फेरी संपली की व्यापाऱ्याला बोलावते."

तो व्यापारी म्हातारे घोडे घेतो. कुठे नेतो ते कुणी विचारत नाही, कारण सगळ्यांना माहीत आहे. धाकटे नुसता तिच्या मानेवर हात ठेवून उभे राहिले, आणि तांबडीने मान वळवून त्यांच्या खिशाचा वास घेतला.

दुसऱ्या दिवशी, म्हणजे शेवटच्या मुक्कामाला जाताना, तांबडी उघड्या पाठीने चालली आणि तिचं खोगीर ट्रकमध्ये आलं. मागे जागा नव्हती, म्हणून ते पुढच्या सीटवर, माझ्या आणि ड्रायव्हरच्या मध्ये.

"मावशी, त्याचं तोंड पलीकडे करा ना," ड्रायव्हर म्हणाला.

"खोगिराला तोंड असतं का रे शुंभा?"

"मग उलटं तरी ठेवा. म्हणजे कुणी बसणार नाही."

तो खड्डे चुकवत होता की मधल्या माणसाला गचका बसू नये म्हणून जपत होता, कळत नव्हतं. एरवी हा पठ्ठ्या बैलगाडीलाही हॉर्न मारतो. मी खोगीर उलटं करून मांडीवर घेतलं आणि हात त्याच्या खालच्या गादीवर पडला. उजवी गादी मऊ. डावी लाकडाच्या फळीसारखी टणक, मध्ये खोलगट, आणि कडेला एक गाठ, मोठ्या सुपारीएवढी.

मी त्या गाठीवरून बोट फिरवत राहिले आणि मला घोड्यांच्या सुट्टीचे दिवस आठवले. पाहुणे नसतात त्या दिवसांत धाकटे सगळी खोगिरं उघडतात. गादीची शिवण उसवायची, आत दबून घट्ट झालेली लोकर काढायची, पिंजायची, पुन्हा भरायची. फालतू माल कोंबला की लोक त्याला खोगीरभरती म्हणतात, पण ती भरती नीट नसेल तर घोड्याची पाठ जाते. पिंजायला मी असते, कारण खोगीर लाथ मारत नाही. सगळी खोगिरं झाली होती आणि एक भिंतीला तसंच टांगलेलं राहिलं होतं. मी विचारलं होतं, तेव्हा धाकटे म्हणाले होते, "त्याला गरज नाही. त्याच्यावर कुणी बसत नाही."

राजवाड्यावर पोचल्यावर मी खोगीर स्वयंपाकघराच्या पायरीवर ठेवलं आणि चुलीकडे न जाता तिथेच बसून राहिले. घोडे आले. तांबडी सवयीने दगडाशी जाऊन उभी राहिली. हा तोच दगड. धाकटे आपल्या घोड्यावरून उतरले, वळसा घालून उजवीकडे गेले, दोन्ही हात पुढे केले, आणि तिथे रिकीब नव्हती. हात तसेच हवेत राहिले. त्यांनी खाली बघितलं, घोडीच्या पाठीवर बघितलं, मग सगळ्या अंगणात बघितलं, बाजारात मूल हरवलेल्या माणसासारखं. नंतर जवळजवळ पळतच माझ्याकडे आले.

"खोगीर कुठंय? मावशी, खोगीर कुठं ठेवलं?"

मला त्या क्षणी त्यांची इतकी दया आली की मी चिडले. माझं तसंच होतं. मी त्यांचा हात धरला आणि त्या टणक गादीवर दाबला.

"हे काय आहे? हात फिरवा. ही गाठ काय आहे?"

त्यांनी हात मागे घेतला.

"तुम्हाला माहीत होतं," मी म्हटलं. "सुट्टीत म्हणालात, याच्यावर कुणी बसत नाही. फेरीत म्हणता, दादा बसतो. धरलं तर चावतंय, सोडलं तर पळतंय, असं झालंय तुमचं. तिच्या पाठीवर दादा नाही बसलेला. ही न पिंजलेली लोकर बसलीये. आणि तिच्यापायी ती घोडी उद्या व्यापाऱ्याच्या गाडीत चढणार."

ते पायरीवर बसले.

"दोन्ही माहीत होतं," ते म्हणाले. "लोकर आहे हे माहीत होतं. पण मावशी, ती लोकर दादानेच दाबली ना? वर्षानुवर्षं बसून. ती पिंजली की मग तो कुठे राहिला? मी त्या दिवशी नव्हतो. दादाला उतरवायचं राहिलंय. तो वरच आहे. रोज रिकीब धरतो मी. रोज."

"धरता," मी म्हटलं. "पण 'उतर' म्हणता का?"

त्यांनी माझ्याकडे पाहिलं.

"मी रोज बघते. तुम्ही धरता, थांबता, आणि सोडता. एकदाही म्हणाला नाहीत. तुम्ही म्हटल्याशिवाय ते कधी उतरले होते का? एकदाच उतरले, आणि काय झालं ते बघितलंत."

हे मी कुठून बोलले मला ठाऊक नाही. मी काही मांत्रिक नाही, स्वयंपाकीण आहे, आणि आत बटाटे तसेच पडले होते. पण धाकटे उठले. त्यांनी खोगीर उचललं, अंगणात नेलं, तांबडी अजून उभी होती तिथे. तिच्या पाठीवर ते ठेवता येत नव्हतं, म्हणून दगडावर ठेवलं, सरळ, बसवावं तसं. मग उजव्या बाजूला गुडघे टेकले आणि रिकीब दोन्ही हातांनी धरली. पाहुणे चहाचे पेले घेऊन उभे होते. मोतद्दार थांबले. बाई पागेच्या दारात होत्या.

"दादा," धाकटे म्हणाले, "उतर. धरलंय मी. सावकाश उतर."

अंगणात काही हललं नाही. वाराही नव्हता. तांबडीने मात्र एकदम सगळं अंग झटकलं आणि मागचा पाय सैल सोडला, काम संपल्यावर घोडे सोडतात तसा. ड्रायव्हर माझ्यामागे येऊन उभा राहिला होता आणि त्याने माझा पदर धरला होता. हे त्याला आज विचारलं तर तो नाही म्हणेल.

धाकट्यांनी तिथेच बसून खिशातला चाकू काढला आणि डाव्या गादीची शिवण उसवली. लोकर निघाली ती लोकर राहिलीच नव्हती, काळपट, घट्ट ढेप. तिला घामाचा वास होता आणि थोरले खुब्याला चोळायचे त्या मलमाचा वास होता. तो वास आला आणि मला रडू आलं, आणि मी ते लपवलं नाही. धाकटे आधीच रडत होते, नाक पुसत, न थांबता, आणि हाताने ढेप सोडवत होते. मी शेजारी बसले आणि पिंजायला लागले. बाई आल्या, उभ्या राहून त्यांनी ती गाठ हातात घेऊन दाबून बघितली, आणि त्यांना सगळं कळलं.

"मला सांगायचं होतंत ना," त्या म्हणाल्या.

"काय सांगणार होतो, बाई?"

त्या खाली बसल्या आणि त्यांनीही मूठभर लोकर घेतली. पाहुण्यांना त्या दिवशी जेवण फार उशिरा मिळालं आणि कुणी तक्रार केली नाही.

पण बाई त्या बाईच. त्यांनी व्यापाऱ्याला थांबवलं, नको म्हणून सांगितलं नाही. जखम भरली, केस आले, तेव्हा त्यांनी अट घातली. रिकाम्या खोगिराने काही कळत नाही. एक अख्खी फेरी तिच्यावर माणूस बसला पाहिजे, आणि रोज संध्याकाळी त्या स्वतः पाठ बघणार. कातडी जरा जरी दुखावली तरी घोडी जाणार. "आणि बसायचं तुम्ही," त्या धाकट्यांना म्हणाल्या.

धाकटे जन्मात कधी तांबडीवर बसले नव्हते. पहिल्या सकाळी त्यांनी तंग आवळला, सोडला, पुन्हा आवळला. मग चढले. रांगेच्या शेवटी, थोरल्यांच्या जागी, थोरल्यांच्या खोगिरात, पण सरळ पाठीने. फेरीभर मी आणि ड्रायव्हर प्रत्येक मुक्कामी आधी पोचून दरवाजाकडे डोळे लावून बसायचो. रोज बाई खोगीर उचलायच्या, वाकायच्या, काही न बोलता निघून जायच्या. शेवटच्या मुक्कामाच्या आदल्या संध्याकाळी त्यांनी पाठीवरून दोन्ही तळहात फिरवले आणि म्हणाल्या, "दोन्हीकडे सारखी भिजलीये. व्यापाऱ्याला नको म्हणून कळवते. राहू दे तिला." धाकट्यांनी मान हलवली आणि तिची पाठ चोळायला घेतली. डाव्या अंगाला कोरडा डाग नव्हता. त्या जागेवरून ते पुन्हा पुन्हा हात फिरवत होते.

दुसऱ्या दिवशी शेवटचा राजवाडा. घोडे आत आले, पाहुणे उतरले, हसणं-बोलणं सुरू झालं. तांबडी आपणहून दगडाला भिडली आणि उभी राहिली. धाकटे वर बसून होते. त्यांना दगडाची गरज नव्हती, बाकीच्या मुक्कामांना ते अंगणाच्या मध्यातच सरळ उतरत होते. पण इथे उतरले नाहीत. त्यांची नजर उजवीकडे गेली, खाली, जिथे इतकी वर्षं ते स्वतः उभे राहिले होते. तिथे कुणी नव्हतं. त्यांनी नजर वळवली आणि लगाम हातात धरून तसेच बसले.

मी चहाचं तबक ठेवलं. अंगण ओलांडलं. ड्रायव्हर मागून "मावशी, अहो मावशी" म्हणत होता. घोड्याच्या पोटाचा गरम वास तोंडावर आला, तांबडीने एक डोळा माझ्याकडे वळवला, आणि मी दोन्ही हातांनी उजवी रिकीब धरली आणि अंग टाकून खाली ओढली.

"मी डावीकडे कलत नाही, मावशी," धाकटे वरून म्हणाले.

"माहीत आहे. उतरा."

ते उतरले. हा माणूस काडीसारखा आहे, त्याला जेवू मीच घालते, त्याचं वजन मला ठाऊक आहे. रिकीब माझ्या हातात त्याहून जड लागली. धाकटे दगडावर उभे राहिले, मग खाली आले, आणि बाई तंग सोडायला पुढे झाल्या.

"थांबा जरा," मी म्हटलं, आणि आणखी थोडा वेळ रिकीब तशीच ओढून धरली. न जाणो.